जासईचा नेपच्यून

आमच्या सोसायटीचा सूर्य बी विंगच्या गेटवर टांगलेला आहे आणि त्याबद्दल आजवर कोणाची तक्रार नाही. बुध, शुक्र, पृथ्वी यांच्याबद्दलही फारसं कोणी बोललं नाही. सगळा घोळ नेपच्यूनने केला. एवढ्या लांबच्या ग्रहाने माझ्यासारख्या सरळमार्गी माणसाच्या वाटेला जायचं काही कारण नव्हतं. पण मी पडलो काटेकोर, आणि काटेकोर माणूस आपली साडेसाती स्वतःच टेपने मोजून घरी आणतो.

सुरुवात पार्सलांपासून झाली. उलव्यातल्या आमच्या सोसायटीत वॉचमनच्या केबिनला लागून दहा बाय बाराची एक खोली आहे. सहा वर्षांपूर्वी तिथे मी मुलांसाठी वाचनालय काढलं. पुस्तकं साडेतीनशे, खुर्च्या पाच, पंखा एक आणि ग्रंथपाल मी. आठवडाभर बंदराजवळच्या एका गोदामात कंटेनरांचे कागद तपासायचे आणि शनिवार-रविवारी या खोलीत बसायचं, एवढंच माझं सार्वजनिक आयुष्य. वाचक फार येत नाहीत हे मी मान्य करतो. पण जे येतात ते मनापासून येतात. त्यातला एक पंख्याखाली झोपायला येतो, तोसुद्धा मनापासूनच झोपतो.

जानेवारीच्या सभेत चेअरमन नंदकिशोर कोल्हे यांनी ही खोली पार्सलं ठेवायला द्यावी असा ठराव मांडला. सोसायटीत दिवसाला साठ पार्सलं येतात आणि वाचायला दोन मुलं येतात, असा त्यांचा हिशेब. कोल्हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आवाज न चढवता माणसाला बुडवायची कला त्यांना अवगत आहे.

"जयप्रकाशजी, मुलांना आता पुस्तकांत रस राहिला नाही," ते म्हणाले. "त्यात तुमचा काही दोष नाही."

दोष दिला असता तर मी भांडलो असतो. दोष नाही म्हटल्यावर माणसाने करायचं काय? मी उभा राहिलो. म्हणालो, मुलांना रस असतो, पण त्यांना खोटं दाखवलं जातं. पुरावा म्हणून वाचनालयातला सूर्यमालेचा तक्ता काढून आणला. त्यात आठ ग्रह पंगतीला बसल्यासारखे खांद्याला खांदा लावून बसले होते. म्हटलं, असं काही नसतं. मी मुलांना सूर्यमाला खऱ्या मापात दाखवतो. जे माप ग्रहांच्या आकाराला, तेच अंतराला.

कोल्हे शांतपणे सेक्रेटरींना म्हणाले, "लिहून घ्या. फेब्रुवारीचा चौथा रविवार. किमान दहा जण शेवटच्या ग्रहापर्यंत चालत गेले आणि तो ग्रह तिथे दिसला, तर खोली वाचनालयाला. नाहीतर पार्सलांना." सभेने हात वर केले. मीही केला.

घरी आल्यावर आमच्या हिने, म्हणजे सुचिताने, एकच प्रश्न विचारला. "अहो, शेवटचा ग्रह कुठे येतो ते मोजलंत का आधी?"

मी मोजलं नव्हतं. अशा वेळी मी समोरच्या बासितभाईंकडे जातो. बासित मुकादम मूळचे उरणकडचे. बंदरात गाळ काढायच्या कामावर सर्व्हे करण्यात त्यांची हयात गेली. त्यांना कुठलीही गोष्ट सांगितली की ते आधी तिची लांबी विचारतात.

"सोपं माप घे," ते म्हणाले. "एक मिलिमीटर म्हणजे हजार किलोमीटर. एक मीटर म्हणजे दहा लाख. मग बोटांवर होतं."

आमच्या जेवणाच्या टेबलावर त्या संध्याकाळी सूर्यमाला मांडली गेली. सूर्य एक मीटर चाळीस सेंटिमीटरचा. तो प्लायवूडचा कापून घ्यायचा आणि पिवळा रंगवायचा. बुध पाच मिलिमीटरचा, म्हणजे मसुरीएवढा, सूर्यापासून अठ्ठावन्न मीटरवर. शुक्र आणि पृथ्वी म्हणजे दोन भिजवलेले काबुली चणे, एक एकशे आठ मीटरवर आणि एक दीडशे मीटरवर. चंद्र म्हणजे साबुदाण्याचा दाणा, पृथ्वीपासून दीड वितीवर. मंगळ हा वाटाणा, पाणीपुरीवाल्याच्या पुढे. माझी मुलगी मनस्वी सहावीत आहे. ती बराच वेळ त्या चण्याकडे बघत होती.

"बाबा, आपण सगळे ह्याच्यावर?"

"सगळे. सोसायटीसकट."

"कोल्हे आजोबापण?"

तेही, असं मी म्हणालो, आणि बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं.

मंगळानंतर मात्र बासितभाईंचा आवाज बदलला. मंगळाच्या आणि गुरूच्या मध्ये लघुग्रह, म्हणजे खडकांचे लाखो तुकडे. त्यातला सगळ्यात मोठा आमच्या मापात खसखशीच्या एका दाण्याएवढा, आणि तो चारशे मीटरवर. बाकीचे दिसायचेच नाहीत. गुरू चौदा सेंटिमीटरचा, म्हणजे चांगला थोरला नारळ, पाऊण किलोमीटर पार करून. शनि त्याहून जरा लहान नारळ, पुठ्ठ्याची कडी घातलेला, जवळजवळ दीड किलोमीटरवर. युरेनस पाच सेंटिमीटरचा, पावणेतीन किलोमीटरच्याही पुढे.

"आणि नेपच्यून?" मी विचारलं.

त्यांनी मोबाइलच्या नकाशावर आमच्या गेटपासून सरळ रेघ ओढली. "साडेचार किलोमीटर. जासई."

सुचिता पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "म्हणजे वाचनालय वाचवायला तुम्ही सोसायटीतली पोरं जासईला चालवत नेणार?" मी म्हटलं, विज्ञान सोसायटीच्या कंपाउंडमध्ये मावत नाही, त्याला मी काय करू? वाक्य मला आवडलं होतं. तिला आवडलं नाही.

युरेनस आणि नेपच्यूनसाठी मी लिंबं घेणार होतो. तेही हिने मोडून काढलं. "तिठ्यावर खुंटी ठोकून तिच्यावर लिंबू ठेवाल आणि लोक तुम्हाला विज्ञान विचारतील असं वाटतं का?" हे मात्र खरं होतं. शेवटी पाच सेंटिमीटरचे दोन रबरी चेंडू घेऊन एक फिका आणि एक गडद निळा रंगवला.

प्लुटोचा प्रश्न सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीन दिवस चालला. बासितभाईंना तो हवा होता, कारण त्यांच्या शाळेत ग्रह नऊ होते. मी म्हटलं, तो आता बटुग्रह आहे, आणि त्याला घेतलं तर आणखी दीड किलोमीटर चालावं लागेल. अखेर चेअरमननी निर्णय दिला की प्लुटो हा सूर्यमालेचा सहयोगी सभासद आहे. सभेला बसू शकतो, मत देऊ शकत नाही. कोल्ह्यांबद्दल माझ्या मनात जो काही आदर आहे, त्यातला निम्मा त्या मेसेजमुळे आहे.

मग परवानगी. रस्त्याच्या कडेला खुंट्या ठोकायच्या तर विचारलेलं बरं, म्हणून मी एका सरकारी कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. खिडकीवरचे साहेब सज्जन होते. त्यांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि मला आत बोलावून खुर्ची दिली.

"हे ग्रह फिरतात ना?" त्यांनी विचारलं.

"हो, सूर्याभोवती."

"मग एका जागेची परवानगी कशी देऊ? उद्या तुमचा ग्रह दुसरीकडे गेला तर जबाबदार कोण?"

मी म्हणालो की आमचे ग्रह फिरणार नाहीत. "मग अर्जात ग्रह कसं लिहिलंत?" ते म्हणाले. त्यांनी नकाशा मागवला आणि माझ्याच कंपासने सूर्याभोवती वर्तुळं काढली. युरेनसचं वर्तुळ नव्या विमानतळाच्या धावपट्टीवरून गेलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. अर्जाच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं, "विमानतळाची ना हरकत आवश्यक. शनिपासून पुढे ग्रामपंचायत." तो कागद माझ्याकडे अजून आहे. मनस्वी म्हणते, फ्रेम करू या.

परवानगीची वाट बघितली असती तर फेब्रुवारीचा चौथा रविवार कुठल्या वर्षी उजाडला असता कोण जाणे. बासितभाई म्हणाले, खुंट्याच आहेत, ठोकून टाकू. त्यांच्या माळ्यावर जुन्या सर्व्हेच्या खुंट्यांचा गठ्ठा होता, पांढऱ्या रंगाच्या, वरचं टोक लाल. अंतर मोजायचं दांड्याचं चाक होतं. रस्त्यावर ट्रेलर जोरात येतात म्हणून त्यांनी मला त्यांचं नारिंगी जाकीट आणि पांढरं हेल्मेट घालायला लावलं. प्रत्येक खुंटीवर मी लाल रंगात ग्रहाचा क्रमांक आणि सूर्यापासूनचं अंतर मीटरमध्ये लिहिलं. नावं लिहायला जागा नव्हती. वर छोटी फळी, फळीवर ग्रह, ग्रहावर बरणीचं झाकण.

आता वाचकहो, तुम्ही नवी मुंबईबाहेरचे असाल तर तुम्हाला यात काही गैर दिसणार नाही. नारिंगी जाकीट घातलेला एक गृहस्थ चाक फिरवत येतो, वाकून बघतो, लाल टोकाची खुंटी ठोकतो, तिच्यावर आकडा घालतो, वहीत टिपतो आणि कोणाशी न बोलता पुढे जातो. या भागातल्या गावांत दोन पिढ्यांनी हेच दृश्य बघितलेलं आहे, आणि प्रत्येक वेळी त्यानंतर त्यांची जमीन गेलेली आहे. हे मला कळायला हवं होतं. मी त्याच जमिनीवर बांधलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो.

नेपच्यूनची जागा जासईत एका घराच्या बाजूला आली, शेवग्याच्या झाडाच्या आणि कपडे धुवायच्या दगडाच्या मध्ये. त्या बाजूला भिंत नव्हती, नुसती थोडी काटेरी काटक्यांची कुंपणासारखी रेघ होती. मी दोनदा हाक मारली. कोणी आलं नाही. बासितभाई म्हणाले, पाच मीटर अलीकडे रस्त्यावर ठोक. मी म्हणालो, "बासितभाई, पाच मीटर म्हणजे पन्नास लाख किलोमीटर." आणि खुंटी ठोकली. आठ, चार हजार पाचशे.

पहिले चार दिवस ग्रह आपापल्या परीने नांदत होते. पृथ्वी साळुंकीने खाल्ली. "भिजवलेले चणे उघड्यावर ठेवले तर दुसरं काय होणार," सुचिता म्हणाली. झाकण वाऱ्याने उडालं होतं. तिथे मी काचेची लहान गोटी ठेवली. मंगळावर जीवसृष्टी सापडल्याची बातमी वॉचमन गोटीरामने आणली. तो रोज झाडांबरोबर मंगळालाही पाणी घालत होता, त्यामुळे वाटाण्याला मोड आले होते. गुरू एका नव्या ट्रकच्या पूजेत फुटला. मी पोचलो तेव्हा ड्रायव्हरने मोठ्या प्रेमाने माझ्या हातावर गुरूचा एक तुकडा ठेवला. मी तो खाल्ला. वाया कशाला घालवायचा? शनिला टायरवाल्याने शनिवारी तेल घातलं. मी ते पुसलं, तर तो म्हणाला, "साहब, आप अपना काम करो, हम अपना करते हैं।"

मग एके दिवशी ऑफिसात मला फोन आला. "काका, मी मिथुन घरत, इस्टेट एजंट, जासई. टेन्शन घेऊ नका, फक्त एवढंच सांगा, रोड कुठून निघतो?"

"कसला रोड?"

"आमाला पण कळतं काका. आठ खुंट्या हायत, पहिली उलव्यात. तुमी जाकीट घालून फिरलेत, तुमचा फोटो हाय आमच्याकडं. टायरवाल्याकडून तुमचा नंबर मिळाला. आमच्या आत्याचं घर जातंय त्यात."

संध्याकाळपर्यंत मला कळलं की गेले चार दिवस गव्हाणपासून जासईपर्यंत याच विषयावर बैठका चालू आहेत. एका एजंटाने तर "खुंटी क्रमांक सातपासून दोन मिनिटांवर" अशी जाहिरातही टाकली होती. युरेनसपासून दोन मिनिटांवर प्लॉट विकायला काढणारा तो पहिला माणूस असावा. सुचिताने जाहिरात वाचून मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, "शनिवारी जाऊन सांगून या. आणि ते जाकीट घालून जाऊ नका."

शनिवारी सकाळी मी आणि बासितभाई जासईला गेलो. शेवग्याखाली चाळीसएक माणसं जमली होती. मिथुन पुढे उभा होता, काळा चष्मा, पांढरा शर्ट. पण बोलत होती ती त्याची आत्या, बायजाबाई. सत्तरीच्या आसपासची, काष्टा घातलेली, हातात खराटा. ती खुंटीच्या शेजारी उभी होती, जणू खुंटी पळून जाईल.

"यो खुटा तू ठोकलास?"

"हो. मी."

"कोनाला इचारून?"

मी म्हणालो की हाक मारली होती, दोनदा. ते ऐकून मागे कोणीतरी हसलं.

"बग," बायजाबाई म्हणाली. ओरडली नाही. "पयला मिठागर नेला. तवा असाच खुटा ठोकलेला. मंग शेत नेला. त्या खुट्याला नंबर व्हता. आता माजे जवल यो घर हाय नि यो शेवगा. याचे वर नंबर आठ हाय. पयले सात कुठं हायत, सांग मना."

मी घरून एक खुलासा पाठ करून आलो होतो. "सदर उपक्रम निव्वळ शैक्षणिक स्वरूपाचा" अशी त्याची सुरुवात होती. ती तोंडातून बाहेर आली नाही. मला लाज वाटली. चाळीस माणसं कामधंदा सोडून उन्हात उभी होती, ती माझ्या पन्नास लाख किलोमीटरच्या हट्टापायी.

मी खाली दगडावर बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो. पहिला बुध, मसुरीएवढा, आमच्या गेटजवळ. सूर्याला सगळ्यात चिकटून, म्हणून त्याचं वर्ष अठ्ठ्याऐंशी दिवसांचं. दुसरा शुक्र, ढगांनी झाकलेला, बुधापेक्षाही तापलेला. तिसरी पृथ्वी. ती साळुंकीने खाल्ली म्हटल्यावर दोन बायका हसल्या. चौथा मंगळ. मग खडकांचा पट्टा. पाचवा गुरू, बाकीचे सगळे ग्रह त्यात मावतील एवढा. सहावा शनि.

"तो कुठं ठेवलाय?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"टायरवाल्याच्या दुकानासमोर."

"तरीच," म्हातारा म्हणाला आणि शेजाऱ्याकडे बघून त्याने मान हलवली. त्याचं काय जुळलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सातवा युरेनस, कुशीवर लवंडून फिरणारा. आणि आठवा हा नेपच्यून. यानंतर मोठा ग्रह नाही. फक्त बर्फाचे गोळे, त्यातला एक प्लुटो, आणि अधूनमधून शेपटी घेऊन येणारे धूमकेतू. मी झाकण काढून निळा चेंडू बायजाबाईच्या हातात दिला. तिने तो फिरवून बघितला.

"यो आकाशात हाय?"

"आहे. पण डोळ्यांनी दिसत नाही, इतका लांब."

"नि हितं कायमचा र्‍हानार?"

इथे मी पुन्हा काटेकोर झालो. म्हटलं, तसं बघितलं तर ग्रह एका जागी राहत नाही. एका फेरीला त्याला एकशे पासष्ट वर्षं लागतात. बासितभाईंनी मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाले, "आपल्या मापात रोज साधारण एक हात सरकायला हवा. बोटांपासून कोपरापर्यंत."

"कोनचे अंगाला?"

"सूर्याकडे तोंड केलं, म्हणजे उलव्याकडे, की उजव्या हाताला."

बायजाबाईने उलव्याकडे तोंड केलं, उजवीकडे बघितलं. तिकडे काटक्यांची रेघ होती आणि रेघेपलीकडे मिथुनचा मोकळा प्लॉट. ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरा. र्‍हाउदे यो खुटा."

मला वाटलं, विज्ञानाचा विजय झाला. मिथुनला तसं वाटलं नाही. त्याने वहीचा कागद फाडून पुढे केला. मी त्यावर लिहून दिलं : "मी, जयप्रकाश वामन दळवी, राहणार उलवे, लिहून देतो की नेपच्यून या ग्रहासाठी कोणाचीही जमीन, घर अथवा झाड घेतलं जाणार नाही." खाली सही, तारीख आणि साक्षीदार म्हणून बासितभाई. मिथुनने कागदाचा फोटो काढून लगेच सगळ्या ग्रुपवर टाकला. परतताना बासितभाई म्हणाले, "तीस वर्षं सर्व्हे केला रे. असा कागद आम्ही कधी कोणाला दिला नाही."

त्यानंतर आठ दिवसांनी चौथा रविवार आला. सकाळी सात वाजता सूर्याखाली सव्वीस मुलं जमली. कोल्हे गुडघ्याला पट्टा बांधून आले होते. "मी स्वतः बघितल्याशिवाय लिहिणार नाही," ते म्हणाले. हातात सभेची नोंदवही.

बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ पाच मिनिटांत झाले. मी मुलांना सांगितलं की या मापात उजेडसुद्धा सेकंदाला फक्त तीस सेंटिमीटर जातो, म्हणजे सूर्याचा उजेड पृथ्वीच्या गोटीपर्यंत यायला आठ मिनिटं घेतो. "म्हणजे कोल्हे आजोबा उजेडापेक्षा फास्ट चालतायत," मनस्वी म्हणाली. कोल्ह्यांनी ऐकलं नाहीसं दाखवलं, पण पट्टा सारखा केला आणि पाऊल उचललं.

मंगळापासून गुरूपर्यंत काहीच नव्हतं. मुलांना ते सहन होईना. "आता काय आहे?" "काही नाही." "आणि आता?" "काही नाही." हेच मला दाखवायचं होतं, पण हे दाखवण्यात एक अडचण आहे, ती अशी की माणसं घरी जातात. गुरूच्या नव्या नारळापाशी अठरा मुलं उरली. शनिपाशी चौदा. टायरवाल्याने सगळ्यांना पाणी दिलं आणि मला सांगितलं की आठवडाभर धंदा चांगला झाला. युरेनसपाशी तीन मुलांच्या आया रिक्षा घेऊन आल्या आणि पाच मुलं घेऊन गेल्या. नऊ उरली. मी पुन्हा मोजली. नऊच होती. बासितभाई पाय सुजला म्हणून आले नव्हते, सुचिता मागे रिक्षावाल्याशी बोलत होती, आणि आम्ही नवराबायको तर आयोजक. वाचनालयाचा पंखा माझ्या डोळ्यांसमोर फिरायला लागला, आणि त्याच्याखाली साठ पार्सलं.

जासईत शिरलो. शेवग्याखाली गेलो. दगड होता. खुंटी नव्हती.

खुंटीच्या जागी मातीत एक भोक होतं. कोल्ह्यांनी ते चष्मा वर करून बघितलं. "जयप्रकाशजी," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमचा ग्रह जागेवर नाही." त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. वळणावळणांचा सात किलोमीटरचा रस्ता चालून आल्यावर कोणालाच तो झाला नसता. मनस्वीने माझा हात धरला. खरं सांगायचं तर मुलांसमोर मला रडू येईल की काय असं वाटलं.

"तिथं काय शोधतास? तो पुरं गेला," असं म्हणत बायजाबाई घरातून बाहेर आली. तिने खराट्याच्या दांड्याने दाखवलं. मातीत त्या भोकापासून उजवीकडे एकेक हातावर भोकं होती, ओळीने. सात भोकं काटक्यांच्या रेघेपर्यंत. आणि रेघेपलीकडे, मिथुनच्या प्लॉटमध्ये, लाल टोकाची पांढरी खुंटी उभी होती. तिच्यावर निळा नेपच्यून, झाकणासकट.

"तू बोल्लास ना, रोज एक हात," ती म्हणाली. "शनवारपासून रोज सकाली एक हात सरकवला. आज भाईर गेला. आता माजे घराला काय नाय."

मुलं भोकं मोजायला धावली. मी तिथेच उभा राहिलो. गेटवरचा सूर्य, बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनि, युरेनस, सगळे मी ठोकले त्या जागी मेल्यासारखे उभे होते. अख्ख्या सूर्यमालेत खऱ्या अर्थाने फिरणारा ग्रह एकच होता, आणि तो एका बाईने आपलं घर वाचवायला फिरवला होता. मी तिला नमस्कार केला. दुसरं काय करणार? ती म्हणाली, "पानी पी आदी."

मिथुन मोटरसायकलवरून आला. आपल्या प्लॉटमध्ये आठ नंबरची खुंटी बघून त्याने चष्मा काढला. "आत्ये, हे काय? माझ्यात कशाला?"

"जाईल पुरं. एकशे पासट वरसांनी येल परत. तवर तुजा कागद हाय ना, त्यानं लिवून दिलाय."

कोल्हे दगडावर बसून नोंदवही उघडत होते. त्यांनी मुलांची नावं लिहिली. नऊ. मग पेन थांबलं. मी म्हटलं, "दहा झाले नाहीत, मला माहीत आहे. खोली रिकामी करतो पुढच्या आठवड्यात."

"दहावा मी नाही का आलो?" कोल्हे म्हणाले. "ठरावात मुलं असं कुठे लिहिलंय? दहा जण लिहिलंय." आणि त्यांनी दहाव्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. पुढे "ग्रह जागेवर" असं लिहिलं, थोडा विचार केला, ते खोडलं आणि लिहिलं, "ग्रह जिथे असायला हवा तिथे आढळला."

बायजाबाईने सगळ्यांना चहा केला, मुलांना गूळशेंगदाणे दिले. मनस्वी नेपच्यूनपाशी उभी राहून पलीकडच्या कंटेनर यार्डाकडे बघत होती.

"बाबा, ह्याच्यानंतर दुसरा सूर्य किती लांब?"

मी आदल्या दिवशीच ते काढून ठेवलं होतं. आपल्या मापात सगळ्यात जवळचा तारा चाळीस हजार किलोमीटरवर.

"कवरा लांब झाला तो?" बायजाबाईने विचारलं.

"चाळीस हजार म्हणजे अख्ख्या पृथ्वीचा घेर," मी म्हणालो. "इथून सरळ निघालं, सगळे देश, सगळे समुद्र पार केले की होतील तेवढे."

ती कपबशा गोळा करत होती.

"मंग फिरून माजेच दारात येशील की," ती म्हणाली. "ये. चा ठेवीन."